एका घासाला एक घोट

गेल्या हिवाळ्यात आम्हा मनोविकारतज्ज्ञांचा एक मेळावा सुरतेच्या एका मोठ्या हॉटेलात भरला होता. तिथे मी माझ्या एका पेशंटची हकीकत सांगितली. बोलणं संपल्यावर निळा टाय लावलेला एक तरुण डॉक्टर उठला आणि अगदी अदबीने म्हणाला, "सर, म्हणजे शेवटी तुम्ही भगतच झालात की!" सगळे हसले. पाण्याचे ग्लास उचलणारा वेटरसुद्धा हसला.

ती पेशंट ज्या घरातली, त्या घरी जाऊन विचारलंत तर वेगळंच ऐकायला मिळेल. "देवीने डॉक्टरला सुबुद्धी दिली." संपलं. माझं शिक्षण, माझं औषध, माझा घसा, सगळं देवीच्या खात्यावर. डॉक्टरांच्या लेखी मी भगत आणि भक्तांच्या लेखी मी निमित्त. हा राग माझ्या पोटात अजून आहे, म्हणून संपादकांनी दिवाळी अंकासाठी "तुमच्या व्यवसायातला एखादा गूढ अनुभव" मागितला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पानं किती देणार, मध्ये जाहिराती घालणार का, यावर तासभर घासाघीस केली, ती गोष्ट वेगळी.

घासाघीस माझ्या रक्तात नाही, ती मी शिकलो. वडील धुळ्याकडून सुरतेला आले आणि जन्मभर लूम चालवत राहिले. मी डॉक्टरकी शिकत होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी कापड मार्केटबाहेरच्या फुटपाथवर कटपीस विकायचो. तिथे दोन गोष्टी पक्क्या शिकलो. गिऱ्हाईक उठून निघालं की आवाज चढवायचा नाही. आणि जो माल घ्यायचा नाही, त्याचा भाव विचारायचा नाही. पहिली गोष्ट मला अजून जमत नाही. दुसरीबद्दल शेवटी सांगतो.

माझा दवाखाना सुरतेच्या पर्वत पाटिया भागात, साड्यांच्या एका गोडाऊनच्या वर आहे. जिना चढताना खालून नव्या साडीच्या खळीचा वास येतो. या जिन्यावरून आजवर किती देव चढून आले याची गणती नाही. लोकांना वाटतं, देव दिसला असं कुणी म्हटलं की मनोविकारतज्ज्ञ त्याला वेडा ठरवतो. साफ खोटं. अंगात येणं हा आजार नाही. आमच्या खान्देशी वस्त्यांमध्ये श्रावणात कितीतरी बायांच्या अंगात येतं. त्या घुमतात, केस मोकळे सोडतात, चार माणसांना चार गोष्टी सुनावतात, मग चहा पिऊन दुसऱ्या दिवशी धागे कापायच्या कामाला बसतात. अशा बाईला गोळी देणारा डॉक्टर गाढव.

मी एवढंच बघतो की आलेला देव परत जातो का. आणि दुसरं, तो चार माणसांचा देव आहे की एकट्याचा. जे एका अंगणात सगळ्यांना ऐकू येतं त्याला रीत म्हणतात, त्यात माझं काम नाही. जे एकट्यालाच ऐकू येतं आणि थांबत नाही, ते माझ्याकडे येतं. पुस्तकात यावर जाडजूड प्रकरणं आहेत, पण सार इतकंच.

तरी या साराच्या बाहेर माणसं उरतातच. मनसुखभाई नावाचे एक हिरे घासणारे कारागीर होते. घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर बसले की अचानक चंदनाचा वास यायचा, चाकाचा आवाज बंद व्हायचा आणि मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचं. सगळं मिळून अर्धं मिनिट. तेवढ्यात त्यांची बोटं चाकावर भाजायची, म्हणून बायकोने आणलं. मेंदूचा आलेख काढला. कानशिलाच्या आतल्या भागातला अपस्मार, सरळ केस होती. गोळ्या दिल्या आणि हात यायचा थांबला.

पहिल्यांदा आले तेव्हा मनसुखभाई खुर्चीला पाठ टेकवत नसत, मागे जागा ठेवून बसत. बरे झाल्यावर टेकून बसायला लागले. ते बघून मला तेव्हा आनंद झाला होता.

काही महिन्यांनी एकटेच आले. म्हणाले, "साहेब, हाथ जतो रह्यो." हात निघून गेला.

"तेच तर पाहिजे होतं."

"मने पाछो आपो." मला परत द्या. मग माझ्याशी, माझ्याशी, भाव करायला लागले. "महिनामां एक वार आवे, एटली गोळी ओछी करो ने." महिन्यातून एकदा येईल, इतकी गोळी कमी करा.

मी भडकलो. मोटारसायकल चालवता, बोटं भाजून घेता, देव काय हप्त्यावर पाहिजे का, असं बरंच बोललो. त्यांनी शांतपणे ऐकलं, उठले, आणि दारात वळून म्हणाले, "तमे जोयो नथी ने, एटले." तुम्ही पाहिला नाही ना, म्हणून. पुन्हा आले नाहीत. ते आता कसे बसत असतील, हे अधूनमधून माझ्या मनात येतं.

आता ज्या हकीकतीवर हॉटेलात लोक हसले, ती.

कानबाई आमची खान्देशची देवी. श्रावणात एका रविवारी तिची स्थापना होते आणि सोमवारी तिला पाण्यावर नेऊन निरोप दिला जातो. देवी म्हणजे एक नारळ. त्याला डोळे, नथ, मंगळसूत्र, लाल वस्त्र घालून चौरंगावर बसवतात. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मूठ गहू मोजून दळतात आणि त्याचे रोट करतात. हे रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. परक्याला तुकडाही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. सुरतेत आमचे लोक चाळीतल्या एका खोलीतही हे नेमाने करतात.

कानबाईला निरोप देऊन दोन-चार दिवस झाले असतील. दुपारची वेळ, वीज गेलेली. जिन्यावरून एक मिरवणूकच वर आली. पुढे भूषण, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कापड रंगवणारा तरणा मुलगा. त्याच्यामागे त्याची आई, जिला सगळे जिजी म्हणत, कडेवर नातू. मूल महिन्याभराचं. आणि मध्ये, दोन बायांनी धरून आणलेली भूषणची बायको कल्पना. केस मोकळे, कपाळभर कुंकू, अंगावर देवीचं लाल वस्त्र. तिला खुर्चीत बसवलं तशी ती बसली. हात उचलून बघितला तर तो उचलला तिथेच हवेत राहिला. पापणी लवत नव्हती. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"पाणी कधी प्यायली?"

भूषणने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "देवीने मागितलं नाही."

ही चूक फक्त आमच्याच लोकांकडून होऊ शकते, म्हणून नीट सांगतो. विसर्जनानंतर कल्पनाच्या अंगातलं वारं गेलं नाही, याचा घरात कुणालाच घोर लागला नाही, उलट आनंद झाला. देवी सुनेच्या रूपाने मुक्कामाला राहिली! चाळीतल्या बाया रांग लावून पाया पडल्या. सकाळ-संध्याकाळ आरती झाली. आरती करणाऱ्या, ओटी भरणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या पुष्कळ, पण एकीनेही तांब्याभर पाणी तिच्या तोंडाला लावलं नाही. देवीला कोण पाणी पाजणार?

"मग आता का आणलंत?"

भूषण पुढे सरकला. "साहेब, काल ती खाडीच्या काठावर सापडली. पोराला देवीच्या लाल कपड्यात गुंडाळलेलं. शेजारच्या बाईने हात धरला तर म्हणाली, विसर्जन राहिलंय."

बाळंतपणानंतर काही बायांना असा आजार होतो. झोप उडते, मग मन भलत्याच वाटेने पळतं, आणि ती वाट कधीकधी लेकराच्या जिवावर येते. तातडीने उपचार केले तर बाई पूर्ण बरी होते. आणि असं दगड होऊन बसलेल्या माणसासाठी एक इंजेक्शन आहे. ते दिल्यावर माणूस कधीकधी तासाभरात पाणी मागतं. ते इंजेक्शन माझ्यापासून हातभर अंतरावर, ट्रेमध्ये होतं.

मी म्हटलं, "इथेच सुई देतो आणि लगेच दाखल करू."

जिजी उभी राहिली. "देवीले सुई टोचशात? जीभ झडी जाई तुमनी!"

झालं. माझा आवाज चढला. अडाणी म्हटलं, पोराला मारायला निघालात म्हटलं, पोलिसांचं नाव काढलं. भूषण रडायला लागला, पण आईसमोर त्याच्याने हो म्हणवेना. जिजीने नातवाला छातीशी घेतलं आणि सुनेचा दंड धरला. "चल माय, घर चाल." गिऱ्हाईक उठलं होतं. आणि ही मंडळी जिना उतरली की खाडी फार लांब नव्हती.

तेवढ्यात मूल रडलं. कल्पनाने मान वळवली नाही, पापणीसुद्धा हलवली नाही. पण तिच्या पोलक्यावर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. दूध. ती कुठेही गेलेली असो, तिच्या शरीराला लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

माझा राग जागच्या जागी थंड झाला. मी टेबल सोडून तिच्यासमोर फरशीवर मांडी घातली. ज्या भाषेत आयुष्यात पहिला शब्द बोललो आणि जी दवाखान्यात कधी वापरत नाही, त्या अहिराणीत विचारलं, "माय, काय लेशी?" आई, काय घेशील?

बऱ्याच वेळाने कल्पनाचे ओठ हलले. आवाज तिचाच असणार, पण तो घशातून न येता खोलीतल्या भिंतीकडून आल्यासारखा वाटला. वीज नव्हती, पंखे बंद, खालच्या गोडाऊनमधली माणसंही जेवायला गेलेली. त्यामुळे तसं वाटलं असेल.

"पोऱ्याना वाटाना रोट कोनी खादा नही. म्हनीसन पोऱ्या मन्हा." पोराच्या वाट्याचा रोट कुणी खाल्ला नाही, म्हणून पोर माझं.

मी जिजीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पहिला नातू म्हणून तिने त्या वर्षी हौसेने त्याच्याही नावाचे सव्वा मूठ गहू घेतले होते. दुधावरच्या पोराचा वाटा आईने खायचा, ही त्यांच्या घरची रीत. पण कल्पनाचं जेवण सुटलेलं. तो रोट फडक्यात बांधलेला तसाच होता. आणि देवीला बाहेर न्यायचं म्हणून तिच्या सामानासोबत जिजीने तो पिशवीत आणलाही होता.

"तो वाटा कल्पनाने खायचा," मी म्हटलं. "ती कुठे आहे?"

"ती नही शे. गयी."

पुस्तक सांगतं, भ्रमाशी वाद घालू नका आणि त्याला होकारही देऊ नका. पुस्तक लिहिणाऱ्याच्या समोर ती बसलेली नव्हती. मी म्हटलं, "मग मी खासू."

"तू परका."

"मीबी खान्देशी शे."

आता तिचे डोळे पहिल्यांदा हलले. ते माझ्यावर येऊन थांबले. "तुन्हा घर मी पेटीमा शे. हिरवी पेटी." तुझ्या घरी मी पेटीत आहे. मग जरा थांबून, जवळजवळ लाडात आल्यासारखी, ती म्हणाली, "मन्हा पोटमा आजून पानी शे. आटनं नही. पेटी उघाड, मंग तू घरना." माझ्या पोटात अजून पाणी आहे, आटलेलं नाही; पेटी उघड, मग तू घरचा.

वाचकहो, माझ्या घरी माळ्यावर हिरवी पेटी आहे. वडील गेले त्या वर्षी आईने आमची कानबाई बंद केली, नारळ फडक्यात गुंडाळून त्या पेटीत ठेवला, आणि त्यानंतर कुणीही ती उघडली नाही. हे माझ्याखेरीज सुरतेत कुणाला माहीत नव्हतं.

पण हातभर अंतरावर सुई होती आणि समोर ओलं पोलकं होतं.

"उघाडसू," मी म्हटलं. "पन पहिले तू पानी पे."

"पहिले तू खाय."

"आधी पानी."

"आधी तू."

पुढे काय करायचं ते फुटपाथने शिकवलं होतं. दोन्ही बाजू अडल्या की माल तुकड्या-तुकड्याने द्यायचा. "एक घास मन्हा, एक घोट तुन्हा."

तिने नकार दिला नाही. मी पिशवीकडे हात केला तशी जिजी किंचाळली, "अरे तो परका शे!" मग तिचं तिलाच कळलं की ती कुणाच्या सौद्यात बोलतेय, आणि ती खाली बसली. रोट बाहेर आला. दगडासारखा झाला होता, वास लागला होता. मी दाढेने तुकडा मोडला, चावला, गिळला. आमच्या सविताबेन सिस्टरने तिच्या ओठाला भांडं लावलं. घोट गेला. गळ्याची हालचाल आम्ही सगळे बघत होतो. दुसरा तुकडा, दुसरा घोट. ती माझ्या जबड्याकडे बघत होती, मी पुरता चावतोय की नाही हे तपासत. एकदा तुकडा लहान मोडला तर तिनेही ओठ नुसते ओले केले. असा सौदेबाज मी मार्केटमध्ये पाहिला नाही.

शेवटचा तुकडा हातात राहिला तेव्हा मी थांबलो. "याना बदलामा सुई."

ती तशीच बघत राहिली. जिजीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मूल झोपलं होतं. मग तिने स्वतःहून डावा हात पुढे केला आणि तो तसाच हवेत धरून ठेवला. मी शेवटचा घास तोंडात टाकला, सविताबेनने सुई दिली.

तासाभराने वीज आली. पंखा फिरायला लागला तेव्हा कल्पना लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "मन्हा पोऱ्या कोठे शे?" तिच्या मांडीवर मूल दिलं, पण सविताबेनने हात काढला नाही. बरं होणं एका सुईचं काम नसतं. दाखल केलं, गोळ्या चालल्या, मधे एकदा पुन्हा बिघडलं, पण दिवाळीपर्यंत ती स्वतःच्या पायांनी जिना चढून आली. मी तिला पेटीबद्दल विचारलं. ती गोंधळली. "कसली पेटी, साहेब? मला इतकंच आठवतं की मी कुठेतरी खाली होते आणि वर कुणीतरी काहीतरी चावत होतं."

निळ्या टायवाल्या डॉक्टरला मी उत्तर देऊ शकलो असतो. कानबाई बंद केलेल्या घरांत नारळ पेटीतच असतो, टाकायची हिंमत कुणाची होत नाही. पेट्या बहुतेक हिरव्याच असतात. कल्पनाने माझी अहिराणी ऐकली, डोळ्यांत अपराध वाचला, ठोकून दिलं. मी स्वतः फुटपाथवर गिऱ्हाईकाच्या चपला बघून त्याच्या घरातल्या लग्नाचा अंदाज सांगायचो. हे सगळं मला कळतं. आणि तो पोरगा जिला भगतगिरी म्हणतो, तिच्यामुळे एक बाई आणि एक लेकरू जिवंत राहिलं. त्याने माझ्या जागी काय केलं असतं? नियम पाळून त्यांना जिना उतरू दिला असता?

या श्रावणात त्यांच्याकडून बोलावणं आलं. मी फणकाऱ्यानेच गेलो. निदान एकदा आभार मानतील म्हणून. कल्पना, अजून एक गोळी चालू असलेली, रोटांसाठी परात घासत होती. तिचा पोरगा चौरंगाचा पाय धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता. आभार कुणीच मानले नाहीत. जिजी गहू घेत होती. भूषणची मूठ, भूषणच्या वडिलांची, पोराची. मग मान वर न करता तिने आणखी सव्वा मूठ घेतली. मी विचारलं, "ही कुणाची?"

"तुमनी. खादं नही का मागला वरीसले? घरनाच व्हयनात ना आते."

म्हणजे मी आता घरचाच. पण रोट खाताना मला माझ्या बाजूचं देणं आठवलं. त्या दिवशी खुर्चीतली बाई पाणी प्यायली होती, तिने हात पुढे केला होता, पोर परत दिलं होतं. पेटी उघडायची राहिली होती.

घरी आलो, माळ्यावरून पेटी काढली. माझी बायको हंसा सुरतीच, तिला कानबाईचं काही माहीत नाही. ती भाजी निवडत बसली होती. "आ शुं काढ्युं?" हे काय काढलं? मी फडकं सोडलं. नारळ काळा पडला होता, हलका असणार म्हणून मी एका हाताने उचलला. इतक्या वर्षांत कुठलाही नारळ आतून सुकतो. हे विज्ञान आहे, यात देवीचा काही संबंध नाही.

मी तो कानाशी नेऊन हलवला.

हंसाने विचारलं, "शुं थयुं? वागे छे?" वाजतोय का?

मी नारळ तिच्या कानापाशी नेला नाही. एकट्याला ऐकू आलं तर मी माझ्याच दवाखान्याचा पेशंट. दोघांना ऐकू आलं तर मग मनसुखभाईंच्या खांद्यावरून मी काय काढून घेतलं, याचा हिशेब सुरू होतो. दोन्हीपैकी कुठलाच माल मला घ्यायचा नव्हता. म्हणून भाव विचारला नाही.

पण पेटीतही परत ठेवला नाही. देव्हाऱ्याच्या शेजारी पाटावर ठेवला. हंसाला सगळं लख्ख लागतं, ती रोज सकाळी तो उचलून पुसते. पुसताना तो हलतोच. कधीकधी तिचा हात मधेच थांबतो आणि ती जरा मान कलती करते. मग नारळ जागेवर ठेवते आणि चहा टाकायला जाते. ती काही बोलत नाही. मी पेपरमधून मान वर करत नाही.